भोईरांच्या माळावर एक अंडं

ठाण्याची माणसं सुट्टीला महाबळेश्वरला जातात, हल्ली थायलंडलाही जातात. मी मुरबाड रस्त्याला जाऊन आलो. दोन दिवसांचा प्रवास, त्यातला एक बहिणीच्या घरी, म्हणजे खरं तर एकाच दिवसाचा. पण परत आल्यापासून सोसायटीच्या जिन्यात जो भेटतो तो विचारतो, "काय हो, अंडं फुटलं म्हणे?" बातमी माझ्याआधी आमच्या ठाण्याच्या कोपरीत येऊन बसली होती. तेव्हा काय झालं ते एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं, म्हणजे जिन्यात थांबायला नको.

कोपर

माझी धाकटी बहीण नीला डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, योगासनांना जातात. ही रॉकेटच्या क्लबात गेली. खरी रॉकेटं नव्हेत, हातभर लांबीची, पुठ्ठ्याच्या नळीची. खाली दारू ठासलेलं एक नळकांडं असतं, त्याला ही मंडळी मोटर म्हणतात. लांबून बटण दाबलं की रॉकेट सुंईकन वर जातं. वर पोचलं की त्याचं नाक सुटतं, पोटातून पॅराशूट बाहेर पडतं आणि सगळा संसार तरंगत खाली येतो. यावा अशी अपेक्षा असते, एवढंच म्हणतो.

या क्लबात नीलूची ख्याती होती ती पॅराशूटच्या घडीसाठी. पॅराशूट नळीत नुसतं कोंबून चालत नाही. दोऱ्या गुंतल्या तर ते उघडत नाही, कापड कापडाला चिकटलं तरी उघडत नाही. नीलू साडीला घालाव्यात तशा त्याला निऱ्या घालायची, मध्ये टाल्कम पावडर भुरभुरायची आणि दोऱ्या अशा काही आत ठेवायची की वर गेल्यावर हमखास सुटाव्यात. उड्डाणाच्या दिवशी क्लबातले सगळे आपापलं पॅराशूट घेऊन तिच्यासमोर रांग लावायचे.

मग गेल्या गणपतीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. हलका होता, वेळेत दवाखान्यात नेलं, बोलणं-चालणं सगळं परत आलं. उजव्या हाताची बोटं तेवढी अजून सांगितलेलं जरा उशिरा ऐकतात. ती पुन्हा क्लबात जाऊ लागली, पण आता प्रत्येकजण पॅराशूट घरूनच घडी घालून आणू लागला.

"मला कोणी वाईट वागवत नाही रे दादा," चहा गाळता गाळता ती म्हणाली. "उलट गेल्या गेल्या खुर्ची देतात. सावलीत. तेच तर."

मी नेहमीसारखं काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, तर तिने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. माझं तोंड बंद करायची तिची ही लहानपणापासूनची युक्ती आहे आणि ती अजून चालते.

उद्याची स्पर्धा अंड्याची होती. रॉकेटच्या नाकात एका डबीत कच्चं अंडं ठेवायचं, वर पाठवायचं आणि न फुटता परत आणायचं. आमचं घर सात पिढ्यांचं शाकाहारी. नीलूने ते अंडं कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवलं होतं, आणि तेव्हापासून आमचे मेहुणे श्रीकांतराव फ्रिज उघडायचे बंद झाले होते. दूध हवं असलं की हाक मारायचे. मी म्हटलं, "अगं, चिकू नाही का चालत? साधारण तेवढाच असतो."

दुपारभर तिने पॅराशूटची घडी घातली. कापड जुन्या जांभळ्या छत्रीचं होतं. छत्रीला मधोमध दांड्याचं भोक असतं, तिथे तिने त्याच रंगाचं ठिगळ शिवलं होतं. एक निरी पडली की उजवा अंगठा ती दाबून धरायला निघायचा, तो पोचेपर्यंत निरी सुटायची. मग पुन्हा. मला बघवेना. मी हात पुढे केला.

"हात मागे, दादा."

"नुसतं धरतो गं."

"मग ती तुझी घडी झाली."

मी हात मागे घेतला, पण रिकाम्या हातांना काहीतरी लागतंच, म्हणून तिने अंडं बसवून ठेवलेली डबी उघडून पाहिली. अंडं कापसात नीट बसलेलं होतं. बंद केली. थोड्या वेळाने वाटलं, झाकण नीट लागलं का? परत उघडली. तेव्हा ती खरी चिडली. "क्लबाचा नियम आहे, उड्डाणानंतर डबी फक्त टेबलावर सगळ्यांसमोर उघडायची. तुझ्यासारख्यांसाठीच केलेला असणार."

मी तिच्याबरोबर जाणार होतो त्याला आणखी एका नियमाचं कारण होतं. तिथे ज्याचं रॉकेट त्याने स्वतः त्याच्यामागे धावायचं नाही. धनी आकाशाकडे बघत पळतो आणि बांधावर आपटतो. असा एकाचा हात मोडल्यापासून प्रत्येकाने आपला धावणारा वेगळा आणायचा. त्याला ते वऱ्हाडी म्हणतात. नीलूचे नेहमीचे वऱ्हाडी श्रीकांतराव, पण त्यांचा गुडघा संपावर होता. म्हणून ठाण्याहून मी.

"उद्या अंडं अख्खं आलं ना," ती पॅराशूट नळीत सरकवत म्हणाली, "तर क्लबातले बघतील. मला सांगायला नको." बस्स, एवढंच. पण मला सगळं कळलं.

कल्याणच्या पुढे

सकाळी कल्याणहून क्लबाची मिनीबस निघाली. क्लबाचे प्रमुख गायकवाड सर एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत आणि सुट्टीच्या दिवशीही ते पद घरी ठेवून येत नाहीत. सगळ्यांचे बूट पाहिले. माझी उन्हाची टोपी पाहिली. ती टोपी मी मुद्दाम या मोहिमेसाठी घेतली होती, रुंद काठाची, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांची.

"नाड्या बांधा दादा, आज वारा आहे," ते म्हणाले.

मी हसून मान डोलावली. नाड्या बांधल्या की मी बालवाडीच्या सहलीला निघाल्यासारखा दिसतो, हे मी आरशात पाहून ठेवलं होतं.

वाटेत एका टपरीवर कांदाभजी खाल्ली. कढईतून काढून कागदावर टाकेपर्यंत वाऱ्याने कागद उलटला आणि पहिला घाणा रस्त्यावरच्या कुत्र्याने खाल्ला. नीलूशेजारी ऋतुजा नावाची मुलगी होती. नोकरीला लागून वर्षच झालेली, स्वभावाने भडाभडा बोलणारी. ती म्हणाली, "सर, हा वारा असाच राहिला ना, तर आपली वाट लागणार." सर म्हणाले, "वाट लागणार नाही, आपण थांबणार." दोघांचंही खरं ठरलं.

भोईरांचा माळ

मुख्य रस्ता सोडून आत गेलं की भातशेतीची कापलेली खाचरं, त्यापुढे एक मोठा उघडा माळ. लांबवर मलंगगडाची ती विचित्र शेंडी. माळ भोईरांचा. कडेच्या शेतात त्यांनी वाल लावला होता, तो आता शेवटच्या तोडणीला आला होता. अशी मोकळी जागा पाहून माझ्यातला ठाणेकर आधी घाबरला आणि मग खूश झाला. आमच्या कोपरीत वारा म्हणजे काय, तर वरच्या मजल्यावरचा टॉवेल खालच्या मजल्यावर येतो तो. इथे वारा पूर्ण लांबीचा होता. उभं राहिलं की पाठीला टेकायला मिळायचा.

भोईरकाकांनी बोट ओलं करून वर धरलं आणि खात्रीने सांगितलं, "धा वाजलं का वारा परल बगा."

दहानंतर वारा पडला नाही, उलट वाढला. अकरानंतर आणखी वाढला. काकांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी परत बोट ओलं केलं आणि बाराची वेळ दिली.

गायकवाड सरांकडे वाऱ्याचा वेग मोजायचा चिमुकला पंखा होता. तो उंच धरायचा, आकडा बघायचा आणि मान हलवायची, असं चाललं होतं. ठरलेल्या आकड्यापेक्षा वारा जास्त असेल तर उड्डाण नाही, मग कोणी कितीही रडो. नीलूला आल्या आल्या खुर्ची मिळाली होती. आंब्याच्या सावलीत ती रॉकेट मांडीवर घेऊन बसली होती आणि दर वेळी सरांच्या मानेकडे बघत होती. पुढच्या महिन्यापासून ऊन वाढतं, गवत वाळतं, ठिणगीची भीती, म्हणून मोसमातला हा शेवटचाच दिवस. आज नाही तर थेट दिवाळीनंतर.

थांबायचंच होतं, तर भोईरकाकूंनी जेवण लवकर वाढलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. वाल आमच्याकडेही होतात, गूळ-खोबरं घालून, गोडसर. इथले लसणीचे, तिखट, पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणणारे. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि नंतर आपल्याला पळायचं आहे हे आठवलं.

जेवणं झाली आणि वारा मध्ये मध्ये श्वास घेऊ लागला. झोत यायचा, मग थोडी उसंत. सरांनी पंखा पाहिला आणि पहिल्यांदा मान उभी हलवली. "उसंतीत सोडायचं. दोर बांधा, सगळे दोराच्या मागे."

इथे एक गोष्ट नमूद करतो. आमच्या सोसायटीच्या सभेत बारा माणसं असली तर तेरा आवाज असतात. इथे पंचवीस माणसं दोरामागे उभी होती आणि सरांनी "पाच" म्हटल्यावर कोणी शिंकलंसुद्धा नाही. भोईरांचा बैलही थांबून बघत होता.

पहिलं रॉकेट ठाण्याच्याच पेंडशांचं. झकास वर गेलं, पॅराशूट झकास उघडलं आणि झकास वाऱ्याला लागलं. माळ ओलांडला, खाचरं ओलांडली, रस्त्यावर गेलं आणि गवताच्या एका टेम्पोवर अलगद उतरलं. टेम्पो मुरबाडकडे निघून गेला. पेंडशांचा वऱ्हाडी रस्त्यापर्यंत पळाला आणि तिथे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

दुसरं ऋतुजाचं. तिचं पॅराशूट बाहेर पडलं ते मिटलेल्या छत्रीसारखं, आणि तसंच खाली आलं. टेबलावर डबी उघडली तेव्हा आत जे होतं त्याला फक्त कांदा-मिरची घालायची बाकी होती. ती म्हणाली, "घडी चुकली यार." मग तिने जीभ चावली, कारण नीलू शेजारीच बसली होती.

उसंत

तिसरी नीलू. ती उठली, माळावर आली आणि आकाशाकडे न बघता पेंडशांच्या टेम्पोच्या दिशेला बघत राहिली. मला तिचा पेच कळला. पॅराशूट मोठं ठेवलं तर अंडं अलगद येणार, पण वारा त्याला मुरबाडला नेणार. लहान केलं तर जवळ पडणार, पण आपटणार.

तिने नळीतून पॅराशूट बाहेर काढलं. कालची अख्खी दुपार खाल्लेली ती घडी एका झटक्यात मोडली. मग पिशवीतून कात्री काढून छत्रीचं मधलं ठिगळ उसवलं. आता मधल्या भोकातून थोडी हवा निसटेल, पॅराशूट जरा लवकर उतरेल, पण अगदी दगडासारखं नाही. हे सगळं तिने मला नंतर समजावलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं, की आता ती पुन्हा पहिल्यापासून घडी घालणार, तीही वाऱ्यात, सगळ्यांच्या समोर.

ती सतरंजीवर मांडी घालून बसली. लोक दुसरीकडे बघण्याचं नाटक करू लागले. ऋतुजा पुढे झाली. "नीलाताई, मी देऊ का करून?"

"नको. पण कडा धर, वारा आहे."

ऋतुजाने कडा धरल्या. पहिली निरी पडली, सुटली. परत पडली. अंगठा निघाला, पोचला, बसला. पावडर अर्धी वाऱ्याने नेली, ऋतुजाच्या केसांत गेली. नीलूने घाई केली नाही. बोटं उशिरा येतात हे तिला माहीत होतं, म्हणून ती त्यांना आधीच निरोप धाडत होती, असं मला वाटलं. पलीकडे सर पंखा धरून उभे होते. एक उसंत आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. सरांनी पंखा दुसऱ्या हातात घेतला.

तिने दोऱ्या आत ठेवल्या, नळीत घडी सरकवली, नाक बसवलं. "झालं," ती म्हणाली.

पाच, चार, तीन, दोन, एक. तिने डाव्या हाताने बटण दाबायला घेतलं, मग थांबून उजव्या हाताने दाबलं.

रॉकेट वर जाताना वाऱ्याच्या तोंडाकडे किंचित वळलं, मग धुराची रेघ संपली, आणि काही दिसेना. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात लांब वर एक जांभळा ठिपका फुलला. पूर्ण, गोल, एकही दोरी न गुंतलेला. माझ्या तोंडून "नीलू" एवढंच निघालं आणि मी धावलो.

या वयात माणूस धावतो म्हणजे भराभर चालताना हात जास्त हलवतो. तरी मी तीन बांध ओलांडले. छत्री भोईरांच्या वालाच्या शेतात उतरली. काकू तिथेच शेंगा तोडत होत्या. "ओ भाऊ, तुमचा तो छत्रीवाला इकरं परलाय," त्यांनी हाक दिली.

रॉकेट वालाच्या वेलांवर गादीवर निजल्यासारखं पडलं होतं. डबी शाबूत. पुढे काय झालं ते सांगायला मला अजून जड जातं, पण जिन्यात ते तसंही सर्वांना माहीत आहे. डबी उघडायची नाही हे मला ठाऊक होतं. पण आत काय आहे हे कळल्याशिवाय नीलूसमोर जायचं धैर्य मला होईना. मी झाकण फिरवलं. कापूस बाजूला केला. अंडं अख्खं. खात्री करायला हातात घेतलं, फिरवून पाहिलं. कुठे तडा नाही, रेघ नाही. माझे डोळे भरून आले.

आणि त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला, माझी टोपी उचलली, आणि टोपी धरायला माझा हात डोक्यावर गेला. अंडं धरलेला हात.

सात पिढ्यांत आमच्या घरात कोणाच्या डोक्यावर अंडं फुटलं नव्हतं. ते गार असतं आणि ते थांबत नाही.

काकू शेंगा टाकून बघत होत्या. "अंडा डोक्याव फोरतान व्हय?" त्या म्हणाल्या. "आमी तव्याव फोरताव." मग त्यांनाच माझी दया आली. त्यांनी कळशीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं, वेलांत अडकलेली टोपी काढून दिली, पदराआड तोंड लपवून. पण सगळं काही गेलं नाही.

टेबल

परतीचे तीन बांध मी अगदी सावकाश ओलांडले. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. तिने कालची दुपार आणि आजची सगळी हिंमत त्या एका अंड्यावर लावली होती, आणि ते आकाशातून सुखरूप येऊन माझ्या डोक्यावर फुटलं होतं.

सगळे टेबलाभोवती जमले होते. नीलूने माझ्या डोक्याकडे पाहिलं. केसांत अडकलेल्या कवचाच्या तुकड्याकडे पाहिलं. एकच प्रश्न विचारला.

"अख्खं होतं?"

"अख्खं होतं गं. शप्पथ."

ती हसायला लागली. आधी नुसती, मग पोट धरून, मग मला धरून. आजारपणानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मीही हसलो, डोळे पुसत. पेंडसे तर टेम्पोचं दुःख विसरले.

गायकवाड सर मात्र हसले नाहीत, निदान कर्तव्य संपेपर्यंत नाहीत. "नियम नियम आहे," ते म्हणाले. "अंडं टेबलावर आलं नाही. नोंद होणार नाही."

"मान्य आहे सर," नीलू म्हणाली.

मग सरांनी डबी हातात घेतली, आतला कापूस काढला आणि बोटांनी दाबून पाहिला. पुन्हा दाबला. शेजारच्याला दिला. कापूस हातोहात टेबलाभोवती फिरला. "कोरडा आहे," सर म्हणाले. माझ्या बावळटपणाचा त्या दिवशी एवढा एक उपयोग झाला, की अंडं कुठे फुटलं याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही.

ऋतुजाकडे अजून एक अंडं होतं आणि एक फेरी शिल्लक होती. वारा पुन्हा उसंत घेऊ लागला होता. ती मिनीबसकडे गेली, बॅग उपसली आणि परत आली ती हातात पॅराशूट घेऊन, उलगडलेलं.

"नीलाताई, माझं घालून द्या ना घडी."

नीलूने ते वाऱ्यावर धरून पाहिलं, दोऱ्या मोजल्या. "वेळ लागेल हं मला."

"लागू दे की."

"पावडर आण मग. आणि त्या कडा धर."

ती सतरंजीवर बसली. पेंडशांनी आपल्या दुसऱ्या रॉकेटचं नाक काढलं, आतली घरून घालून आणलेली घडी मोडली आणि ऋतुजाच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी दोघं आले. सर पंखा घेऊन निघाले होते, तेही जाता जाता थांबून निऱ्या बघत राहिले.

मी बाजूला उभा होतो, डोक्यावर ऊन, टोपी हातात, केस वाळून कडक होत चाललेले. सरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते आंब्याखाली गेले, नीलूची ती रिकामी खुर्ची उचलून आणली आणि माझ्याजवळ, मिनीबसच्या सावलीत ठेवली.

"बसा दादा," ते म्हणाले. "दमला असाल."